पत्र्यावर वाळत घातलेली गाणी

माझी सवत काळी हाय, गोल हाय, आन् तिला मधोमध भोक हाय.

हसू नगासा. गाण्याची रेकॉर्ड म्हणत्यात तिला. आता शेंबडं पोरगं बी मोबाईलवर गाणं लावतंय, पण आमच्या मालकांस्नी जुनी, कुणीतरी वापरून टाकलेली, धुळीत लोळलेली रेकॉर्डच पायजे. आन् ती काय किराणा दुकानात मिळत न्हाय. तिच्यासाठी गावं पालथी घालाय लागत्यात. जलमभर मालकांनी फौंड्रीत लोखंड वतलं, पर कवा एक रजा टाकून मला जोतिबाला न्हेलं न्हाय. रिटायर झालं आन् पायाला भिंगरी लागली!

सांगलीला निघालं. म्हणलं, हळद आणा. रेकॉर्ड आणली. सोलापूरला निघालं. म्हणलं, चादर आणा. रेकॉर्ड आणली. नृसिंहवाडीला दत्ताला चाललो म्हणलं, तवा वाटलं आता तरी पेढं येतील. देवाच्या दारात बी ह्या माणसाला रेकॉर्डच घावली! (देव तरी माझ्या बाजूचा कुठं हाय म्हणा.)

मी काय रडणारी बाई न्हवं. चौथीत शाळा सुटली, पंधराव्या वर्षी लगीन झालं. पहाटं उठून म्हशींच्या धारा काढायच्या, डोक्यावर किटली घिऊन दारोदार दूध घालायचं, आन् परत येऊन सासूच्या शिव्या खायच्या, त्या बी उपाशीपोटी. म्हापुरात घरात छातीएवढं पाणी आलं. म्हशी सोडून दिल्या, पोरं घिऊन माळ्यावर बसले, डोळ्यातनं टिपूस काढलं न्हाय. पर ज्या दिशी मालकांनी माझं मऊ लुगडं फाडून रेकॉर्डी पुसायला फडकं केलं, त्या दिशी चुलीच्या धुराचं निमित्त करून डोळं पुसलं बगा.

काय ते पुसणं! अंगठ्यानं हळूच धरायचं, फुकर मारायची, गोल गोल फडकं फिरवायचं. लेकराला न्हाऊ घालताना कवा एवढा हात हळू झाला न्हवता. आन् मग आतली बाई गायला लागली की डोळं मिटून बसायचं.

"आवाज बग, आवाज!" मला म्हणायचं.

"माझा बी आवाज हाय की."

"तुझा आवाज हाय की. गल्लीच्या तोंडापतूर हाय."

तरी मी सोसलं. रेकॉर्डीतली बाई कुठं उठून यायची न्हाय, जेवायला मागायची न्हाय. पण एक दिवस मालकांचा भाचा बाळू घरी आला. एस्टीत कंडक्टर हाय, बेळगावच्या गाडीवर. चहा पिता पिता म्हणला, "मामी, मामाचं बेळगावात कोण हाय गं?"

"का रं?"

"न्हाय, दर म्हैन्याला गाडीत असत्यात. इस्त्रीची कापडं, कानात अत्तराचा बोळा. मी म्हणलं सोयरीक-बियरीक बगाय चाललाय काय?"

माझ्या हातातली बशी तशीच ऱ्हायली. मिरजंला जाताना ह्यो माणूस बटणं तुटलेला सदरा घालून जातुय. पुण्याच्या जुन्या बाजारातनं येताना भंगारवाल्यागत काळा हून येतुय. आन् बेळगावला अत्तर?

सांजच्याला मालकांस्नी म्हणलं, "पुढल्या खेपंला मी येणार बेळगावला."

"तुला काय कळतंय रेकॉर्डीतलं?"

"रेकॉर्डीतलं न्हाय कळत. बाकीचं कळतंय."

मालकांनी फडकं उचललं आन् पुसलेलीच रेकॉर्ड परत पुसाय घेतली. म्हंजी पाणी मुरतंय!

गेलो. निपाणी गेली, संकेश्वर गेलं, मालक खिडकीतनं भाईर बगत्यात आन् मी मालकांकडं बगतीया. बेळगावात एका बोळात घर. दारात रांगोळी, तुळस, आन् दार उघडलं कुणी? एक गोरीपान बाई! केस पांढरं, पण कसं, कापसागत. सोन्याच्या काडीचा चष्मा. इस्त्रीचं पातळ. वय माझ्याएवढंच, पण तिचं वय सावलीत वाढलेलं, माझं उन्हात.

"या की हो श्रीपतराव! आन् ह्या कोण? वैनी काय?" मग माझ्याकडं वळून म्हणती, "या अक्का, बसा की."

अक्का! म्हंजी मी थोरली आन् ही धाकटी! आन् मालकांस्नी नावानं हाक. मी पन्नास वरसं त्या नावाला तोंड लावलं न्हाय, आन् ही खव्याचा कुंदा द्यावा तसं बशीतनं नाव पुढं करतीया.

पद्मावतीबाई तिचं नाव. जैनाची. नवरा गाण्याचा लई शौकीन हुता, तो वारला. पोरं बंगळुरात. मागं कपाट भरून रेकॉर्डी. मी म्हणलं, बरं, दुकान हाय म्हणायचं. पण दुकान कसलं! ही बाई एका टायमाला एकच रेकॉर्ड द्यायची. पयला चहा, मग कुंदा, मग मशीनवर ती रेकॉर्ड लावून दोघांनी ऐकायची, मान हलवायची, नवऱ्याची आठवण काढायची, मग मालकांच्या हातात द्यायची. आन् पुढच्या म्हैन्याला दुसरी!

मनात म्हणलं, एवढं कपाट रिकामं हुईस्तवर माझं तेरावं हुईल.

"चहा कसा झालाय, श्रीपतराव?" तिनं इचारलं.

"फस्क्लास!" मालक म्हणालं.

चहात साखर म्हणून न्हवती! घरात अशा चहाला ह्यो माणूस म्हणतुय, "म्हशीला पाज."

मी बशी खाली ठेवली. म्हणलं, "बाई, सगळ्याच द्या की एकदम."

मालकांस्नी ठसका लागला. पद्मावतीबाई बगतच ऱ्हायली. "सगळ्या?"

"सगळ्या. ह्यांचं वय झालं. गाडीत हाडं खिळखिळी हुत्यात. एकदाच काय ते न्हेऊन टाकू." माझ्या दुधाचं साठवलेलं पैसं मी चोळीत बांधूनच आणलं हुतं. ते काढून तिच्या म्होरं ठेवलं. ह्यो सौदा रेकॉर्डीचा न्हवता, बेळगावच्या रस्त्याचा हुता. तो रस्ता मला कायमचा बंद करायचा हुता.

बाईनं उठून कपाटावरनं हात फिरवला. मग हळूच म्हणाली, "न्या. पोरं बी म्हणत्यातच, घर रिकामं कर. पण अक्का, कवा मन झालं तर येऊन ऐकीन हं एखादी."

आन् हितं माझं कोल्हापूर आडवं आलं. आमच्याकडं पावण्याला 'या' म्हणताना कुणी मोजून म्हणत न्हाय. तोंडातनं भसाभस निघून गेलं, "अवो एखादी कशाला! चार दिस ऱ्हायालाच या की! घर तुमचंच हाय!"

मालकांनी माझ्याकडं असं बगितलं, की लग्नाच्या दिशी बी बगितलं नसंल.

पोती भरून रेकॉर्डी घरी आल्या. येताना मी राणीगत बसलते. आता म्हातारं घरात, रेकॉर्डी घरात, आन् बेळगाव बेळगावात!

दुसऱ्या दिशी मालक सकाळच्या गाडीनं पुण्याला गेलं. मशीनची सुई झिजली म्हणून नवी आणाय. सुईला बी पुणं लागतंय! पण म्हणलं जावा, पुण्याचं मला भ्याव न्हाय. आन् मी दसरा काढाय घेतला.

आमच्यात घटाच्या आदी घरातलं समदं धुवून काढत्यात, त्येला दसरा काढणं म्हणत्यात. वाकळा, कांबळी, भांडी, डबं, उतरंडीचं मडकंसुदीक. घरात एक चीज बिन धुतलेली ठेवायची न्हाय. आन् ह्या पोत्यातल्या रेकॉर्डी तर मेलेल्या माणसाच्या! सुतकाच्या घरातलं सामान तसंच देव्हाऱ्याच्या शेजारी ठेवून घटाला बसायचं? माझ्या सासूनं वरनं येऊन धपाटा घातला असता. त्यातनं रेकॉर्डीवर त्या बाईच्या पांढऱ्या हाताचं ठसं. ते तर पयलं धुवाय पायजेत!

बसले अंगणात. टपात सोडा, लिंबाचा साबण, नारळाची शेंडी... न्हाय, शेंडी न्हाय वापरली, एवढी अडाणी न्हाय मी. फडक्यानंच धुतल्या. एकेक काळी कशी चकाचक झाली! मधलं कागद तेवढं फुगून निघालं. म्हणलं, काय बिघडत न्हाय, गाणं काय कागदावर न्हाय.

मग वाळवायच्या कुठं? वाकळा दोरीवर. रेकॉर्डी पत्र्यावर!

दुपारी ऊन असं, की पत्र्यावर भाकरी भाजावी. मी वाकळा धुण्यात गुंतलते. उन्हं कलली तवा शिडी लावून वर चढले आन् पायाखालची शिडी न्हाय, घरच हललं. एक रेकॉर्ड कुरडईगत मुरडलेली. एकीची वाटी झालेली. एक तर द्रोणागत हून त्यात चिमणी बसलेली!

शेजारची हिरा खालनं वरडली, "व्हय गं काकी, उडदाचं पापड घातल्यात काय?"

"व्हय गं बाई!" म्हणलं. काय सांगणार?

खाली आणल्या. पाट्याखाली दाबल्या. वरवंटा ठेवला. त्यावर तांदळाचं पोतं. त्यावर मी बसले. कट्ट करून आवाज आला. मग उठले.

रातच्याला मालक आलं, हातात सुईची डबी. पाटा बगितला. पोतं बगितलं. वाटी झालेली रेकॉर्ड उचलून दिव्याकडं धरली.

"हे काय?"

"दसरा काढला."

"गाण्याचा?"

मला वाटलं आता भांडं आपटतील, आईबापाचा उद्धार करतील. करावा! भांडणाला मी तयार हुते. पर मालक सरळ म्होरीकडं गेलं. हात धुतलं, जेवायला बसलं, आन् ताट तसंच पुढं सारलं. फौंड्रीत पायावर लोखंड सांडलं हुतं, त्या दिशी बी हे माणूस दोन भाकरी खाऊन झोपलं हुतं. मग म्हणालं, "त्या बाईला काय सांगू आता? तिच्या नवऱ्याचं एवढंच ऱ्हायलं हुतं."

आता मला खरं दुखलं. रेकॉर्डी वाकल्या त्येचं न्हाय. ताट सारलं ते तिच्यासाठी, ह्येचं!

आन् देवाची करणी बगा, दोन दिसांत तिचाच फोन. "अक्का, मन लागंना हो. येऊ काय म्हणून इचारलं."

"या की!" मी म्हणलं. (आग लागो ह्या जिभंला!)

आली. हातात पिशवी, पिशवीत कुंदा. मालक दारात खाली मान घालून हुबं. मी म्हणलं, झाकून काय हुतंय, एकदाच हू दे. सरळ तिच्या म्होरं वाटी झालेली रेकॉर्ड ठेवली. "हे बगा बाई. म्या धुतल्या, म्या वाळवल्या. ह्यांचा काय दोष न्हाय."

तिनं चष्मा पुसला. म्हणाली, "लावा बगू."

त्यातल्या त्यात सपाट एक मालकांनी मशीनवर ठेवली. सुई वर चढायची, खाली घसरायची. आतली बाई अशी गायला लागली, जणू ट्रॅक्टरच्या टपावर बसून उसाच्या रानातनं चाललीया! आ...ऊ...आ...ऊ! मी पदर तोंडात कोंबला. हसावं का मरावं कळंना.

पद्मावतीबाईच्या डोळ्यातनं पाणी. मी म्हणलं, झालं, आता शाप देती. पर ती हसत हुती! पोट धरून. "अयय्यो! आमच्या ह्यांनी बी एकदा गाडीत उन्हात इसरल्या हुत्या. दोन दिस माझ्याशी बोललं न्हाईत, जणू सूर्य मीच उगवून आणलाय!" मग डोळं पुसून म्हणाली, "सरळ हुत्यात हो. दोन जाड काचा आणा. मधी एक रेकॉर्ड, कवळ्या उन्हात ठेवायची, वर वजन, आन् मग सावलीत सावकाश गार करायची. घाई केली की मोडती. मला जमतंय. पण येळ लागतुय."

मालकांनी मान वर केली. त्या रातीपासनं पयल्यांदा चेहऱ्यावर रक्त आलं.

"किती येळ?" मी इचारलं.

"पोत्यात किती हायत त्यावर हाय की, अक्का."

मी पोत्याकडं बगितलं. पोत्यानं माझ्याकडं बगितलं.

आता सकाळच्या कवळ्या उन्हात दोघं पत्र्याच्या कडंला बसत्यात. एक काच ह्यांनी धरायची, एक तिनं. "हळू, श्रीपतराव." "व्हय, व्हय, बाई." ती जैनाची, म्हणून घरात मटण बंद. ऐतवारी अख्खं कोल्हापूर तांबडा रस्सा वरपतंय, आन् मी चुलीवर दोडका परततीया. कांदा न्हाय, लसूण न्हाय! मालक म्हणत्यात, "फस्क्लास!" चार दिस झालं की ती जाती, पंधरवड्यानं परत येती. अंथरूण मीच घालती. बिन साखरंचा चहा मीच करती. बाळूनं परवा इचारलं, "मामी, मामा गाडीत दिसंनात आताशा?"

काय म्हणून दिसतील? बेळगाव लई लांब हुतं रं बाबा. म्याच त्येला पोत्यात घालून माझ्याच घरच्या सोप्यात आणून बसवलंय.