कलकत्त्याहून आलेली फिल्म

वडिलांनी हयातीत कवितांचं एकच पुस्तक छापलं. घरातल्या प्रती वाळवीनं खाल्ल्या. आई अंथरुणाला खिळली आणि म्हणाली, "त्यांचं पुस्तक एकदा वाचून दाखव."

सोलापुरात ते कुठंच मिळेना. वाचनालयातले ग्रंथपाल म्हणाले, "छापलेल्या पुस्तकाची एक प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाते. तिथं लिहून बघा."

मी लिहिलं. एकमेव प्रत त्यांना बाहेर देता येईना, म्हणून त्यांनी पानांचे बारीक फोटो काढून त्यांची फिल्म पाठवली. डबी उघडून मी फिल्म उजेडात धरली. अक्षरं खसखशीपेक्षा बारीक होती, आणि फिल्म वाचायचं यंत्र गावात कुणाकडंच नव्हतं. आई रोज विचारायची, "आलं का गं?"

शेवटी मी चाटी गल्लीतल्या म्हाताऱ्या घड्याळजींकडं धावले. सगळं ऐकून त्यांनी डोळ्याचं भिंग काढून माझ्या हातात ठेवलं. "आधी अम्मीला ऐकव, बेटी."

खिडकीशी फिल्म धरून मी एकेक ओळ वाचू लागले. तिसऱ्या कवितेला आईला धाप लागली.

"थांबू का?"

"नको. वाच की."

तिच्याकडं बघताना फिल्म सरकली आणि पुढची ओळ सापडेना. सापडली तेव्हा आई गेली होती. ती कविता मी तशीच शेवटपर्यंत वाचली.