चंद्रभानभाऊ निवडणुकीला उभे राहतात

चंद्रभान तायडे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना चौथा महिना लागला होता.

हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. अमरावतीच्या एका दवाखान्यात साध्या सर्दीसाठी मी बाकावर बसलो होतो. समोरच्या खोलीचं दार उघडं, आत डॉक्टरीणबाई आणि त्यांच्यापुढे हा सहाफुटी गृहस्थ. मिशा अशा, की दोन्ही टोकांवर एकेका चिमणीने सुखाने संसार मांडावा. आवाज असा, की भिंतीवरच्या कॅलेंडरने घाबरून पुढचा महिना दाखवावा. आणि त्या आवाजात ते शांतपणे सांगत होते, “चौथा लागला मले. सकाळी लई मळमळते. सासू म्हनते चिंच खाऊ नको. मी खाऊ का नको?”

माझी सर्दी त्या क्षणी बरी झाली. शेजारी मोर्शीचे एक काका संत्र्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. ती त्यांच्या हातून सुटली, आणि त्यातली काही संत्री गडगडत बडनेऱ्यापर्यंत गेली असं म्हणतात. डॉक्टरीणबाई मात्र ढिम्म. “खा, पण बेतानं,” एवढंच म्हणाल्या.

मग मला भाऊंच्या बाजूला उभी असलेली आचल नावाची मुलगी दिसली. तिला ऐकू येत नाही. तिचे हात झरझर चालत होते आणि ते हात जे सांगत होते ते भाऊ तोंडाने बोलत होते. डॉक्टरीणबाई बोलल्या की भाऊंचे हात चालायचे. हा त्यांचा धंदा. खुणांच्या भाषेचे दुभाषी. या धंद्याचा पहिला नियम असा, की समोरचा जे म्हणतो तेच आणि तसंच म्हणायचं. ‘ही म्हणते की’ असं शेपूट जोडायचं नाही, आपल्या पदरचं काही घालायचं नाही, आणि नको वाटलं म्हणून काही गाळायचं नाही. दुसरा नियम, खोलीबाहेर आलं की विसरायचं. मी बाहेर त्यांना त्या मुलीबद्दल विचारलं तर म्हणाले, “कोनती पोरगी?” मी इथे लिहायला धजावतो याचं कारण आचलने स्वतःच पुढे बारशाच्या दिवशी हा सगळा प्रसंग दोनशे माणसांपुढे करून दाखवला, भाऊंच्या मिशांसकट.

चंद्रभानभाऊंचा जन्म बडनेऱ्याचा. वडील जानराव रेल्वेच्या गोदामात होते. आई पार्वताबाई. दोघांनाही ऐकू येत नव्हतं, त्यामुळे घरात बोलण्याचं काम भाऊंकडे चौथ्या वर्षीच आलं. दुसरीत असताना मास्तरांनी जानरावांना शाळेत बोलावलं आणि “तुमचा मुलगा मठ्ठ आहे, शिवाय खोटारडा आहे,” असं सांगितलं. हे वडिलांपर्यंत पोहोचवायला तिथे दुसरं कोणी नव्हतं. भाऊंनी शब्दही इकडचा तिकडे न करता पोहोचवलं. वडिलांनी तिथेच मुस्काटात दिली. मास्तर पुढे आयुष्यभर गोंधळलेले राहिले, की खोटारडा म्हणावं तर या पोराला म्हणावं कसं.

आज भाऊ बावन्न वर्षांचे आहेत. बडनेऱ्यात स्टेशनजवळ त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. ते बायको चालवते, रागिणीवहिनी. भाऊ कुठे आहेत असं विचारलं तर वहिनी सांगतात, “आज ते चोरी करून राह्यले कोर्टात,” किंवा “बँकेत गेले, त्यायचं एटीएम हरवलं.” या माणसाने तीस वर्षांत इतक्या लोकांचे गुन्हे कबूल केलेत, इतक्यांची दुखणी सांगितलीत आणि इतक्या मुलींना लग्नासाठी होकार दिलाय, की हे सगळं खरोखर एका माणसाचं असतं तर त्याच्यावर संशोधन झालं असतं.

आता त्यांच्या खांद्याकडे येतो, कारण निवडणूक तिथून निघाली. खुणांच्या भाषेत अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ एकट्याने काम करू नये असं जाणकार सांगतात. दोघांनी आलटून पालटून करावं. हात दुखतात आणि डोकंही थकतं, मग चुका होतात. वऱ्हाडात मात्र हे दोघं म्हणजे चंद्रभानभाऊंचा डावा हात आणि उजवा हात. मागच्या वर्षी अकोल्याला जमिनीच्या एका खटल्यात ते चार तास उभे होते. घरी आले ते उजवा हात गळ्यात अडकवल्यासारखा धरून. तेव्हापासून त्यांच्या मनाने घेतलं, की तासाभराच्या वर काम असेल तर दोन दुभाषी हवेत, असा ठराव संघाने करावा. अमरावती आणि अकोला मिळून दुभाष्यांचा एक संघ आहे, कार्यालय अकोल्याला. भाऊंनी तीन पत्रं पाठवली. तिन्हींना ‘विचार सुरू आहे’ असं उत्तर आलं. त्यात अमरावतीकडची कार्यकारिणीवरची जागा रिकामी झाली आणि भाऊंनी अर्ज भरला.

समोर होत्या ज्योत्स्ना वाकोडे. अमरावतीच्या शिक्षिका, हुशार, रीतसर परीक्षा पास झालेल्या, आणि मुळात भाऊंच्याच हाताखाली तयार झालेल्या. त्यांच्याकडे पत्रक होतं, व्हिडिओ होता. भाऊंकडे मिशा होत्या.

संघात ऐकू न येणारे सभासदही आहेत, जवळजवळ निम्मे. भाऊ प्रचाराला पहिल्यांदा गेले ते मोर्शीच्या पुंजारामकडे. पुंजाराम शिंपी आहे आणि जन्मापासून भाऊंना ओळखतो. भाऊंनी हाताने सांगितलं, “मी निवडणुकीला उभा आहे.”

पुंजारामने भाऊंच्या मागे वाकून पाहिलं. “कोण?”

“मी.”

“हो, पण कोण? घेऊन ये की त्याला आत.”

आपला माणूस स्वतःबद्दल बोलतोय हे पुंजारामच्या गळी उतरायला दोन कप चहा लागला. अकोल्यात, मोर्शीत, बडनेऱ्यात सगळीकडे हेच. तीस वर्षं भाऊ स्वतःचं असं काही बोललेच नव्हते. लोकांना सवय नव्हती, आणि भाऊंनाही नव्हती.

मतदान अकोल्यात, जुन्या शहरातल्या एका सभागृहात होतं, रविवारी सकाळी. मीही गेलो, कारण पार्वताबाईंना गाडीत चढवायला कोणीतरी हवं होतं. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, संघाच्या जुन्या सभासद आहेत आणि जेवण देतात अशी सभा त्या चुकवत नाहीत.

मतदानाआधी दोन्ही उमेदवारांना पाच-पाच मिनिटं बोलायला होती. ज्योत्स्नाबाई छान बोलल्या. मग अध्यक्ष धर्मपाल इंगळे यांनी भाऊंना बोलावलं. भाऊ मंचावर गेले, हात पुढे बांधून नेहमीच्या जागी, म्हणजे एका कडेला उभे राहिले, आणि वाट पाहू लागले.

अर्धं मिनिट गेलं. धर्मपालजी म्हणाले, “बोला भाऊ.”

“हो,” भाऊ म्हणाले. “मी,” असं म्हणून त्यांनी सवयीने उजवीकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

“बोला ना.”

“कोनाचं बोलू?” भाऊंनी खरोखर विचारलं. सभागृहात खसखस पिकली. खिशातला ठरावाचा कागद त्यांना आठवेना, आणि मला आठवला तरी उपयोग नव्हता.

तेव्हा पहिल्या रांगेतून पार्वताबाई उठल्या. पदर खोचला आणि हात चालवायला सुरुवात केली. समोर हात चालले की भाऊंचं तोंड उघडतं, ते त्यांच्या हातात नाही. ते मोकळे झाले, ताठ उभे राहिले, आणि तो कॅलेंडर हलवणारा आवाज निघाला.

“मी पार्वताबाई तायडे. या पोराची माय. याले मत देऊ नका.”

भाऊंचं वाक्य अडलं नाही.

“याचं घराकडे ध्यान नाई. दुकान सून चालवते. पोळी वाढली तं कोर्टातून फोन येते. आता हे आनखी मीटिंगा करत अकोल्याले येत राईन. काहून? घरी माय नाई का, बायको नाई का?”

लोक हसू लागले. पार्वताबाईंना हसणं दिसत होतं, त्यांनी बोट उगारलं. भाऊंनी आवाज चढवला.

“हासू नका. याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाई. सकाळी भांग मी पाडून देते, बावन्न वर्षाच्या घोड्याचा. हा कोनाले सांगत नाई. साऱ्या जिल्ह्याचं दुखनं डाक्टरले सांगते, सोताचं सांगत नाई. एकट्याले दिवसभर उभा करता तुमी. याच्यासंगं दुसरा मानूस देत काहून नाई? दुसरा द्या अन् याले घरी पाठवा. माह्यं झालं. जेवन कवा हाय?”

पार्वताबाई बसल्या. भाऊही मंचावरून उतरले. त्यांची पाच मिनिटं संपली होती.

ज्योत्स्नाबाई त्यांच्याजवळ आल्या. त्यांचे डोळे ओले होते. “भाऊ, ते मत देऊ नका म्हटलेलं तेवढं गाळलं असतं तं चाललं असतं ना.”

“कसं गाळू? म्हटलं तिनं.”

“थोडं नरम करून तरी.”

“तिचं बोलनं हाय बाई ते,” भाऊ म्हणाले. “माह्यं थोडीच हाय.”

मतं मोजून झाली. एकशे बारांपैकी ज्योत्स्नाबाईंना एकाहत्तर, भाऊंना अडतीस, तीन बाद. पुंजाराम हात धुताना भाऊंना भेटला आणि त्याने मनापासून सांगितलं, “तुलाच देणार होतो. पण आई नको म्हणाली.” असं सांगणारे नंतर आणखी बरेच भेटले. भाऊंना वाईट वाटलं का हे पाहायला मी त्यांच्याच पंगतीला बसलो. त्यांनी चार पोळ्या आणि दोनदा वरणभात खाल्ला. परतीच्या गाडीत पार्वताबाई झोपल्या, आणि भाऊ खिडकीशी बसून खांदा चोळत म्हणाले, “कोनी का होईना, बोललं तं खरं.”

ज्योत्स्नाबाईंनी पहिल्याच बैठकीत ठराव मांडला. तासाभराहून मोठ्या कामाला दोन दुभाषी. एकमताने मंजूर झाला, आणि त्याखाली भाऊंच्या तिन्ही पत्रांचा उल्लेखही आहे. रागिणीवहिनींनी त्याची झेरॉक्स काढून दुकानात लावली आहे.

ठरावाला आता दहा महिने झाले. दुसरा दुभाषी अजून मिळालेला नाही.