आमच्या घरी भात बंद झाला तेव्हा

लग्न होऊन मी जव्हारला आले तेव्हा आमच्या घराचा शत्रू तेल-तूप होता. आमचे हे कचेरीत कारकून. तिथल्या तपासणी शिबिरात डॉक्टरांनी सांगितलं की स्निग्ध खाल्लं की रक्तवाहिन्या तुंबतात, आणि ह्यांनी ते वरिष्ठांचा आदेश असल्यासारखं अमलात आणलं. तूप गेलं, भाजीतलं दाण्याचं कूट गेलं, ओलं खोबरं गेलं. माहेराहून, म्हणजे साखरशेतहून, माझा थोरला भाऊ खुरासणीचं तेल पाठवायचा, ते शेजारी गेलं. साय काढलेल्या दुधाचा निळसर चहा मी कितीतरी वर्षं प्यायले आणि प्रत्येक कपाला कुरकुरले.

भाताला मात्र तेव्हा मान होता. त्यात चरबी नाही म्हणून हे तीनदा वाढून घ्यायचे. वर चरबी नसलेली बिस्किटं, पाकिटावर तसं छापलेलं असलं की अर्धं पाकीट एका बैठकीत फस्त. पोट सुटत चाललं तसे हे बुचकळ्यात पडले. मी म्हणायचे, "अहो, पाकिटावर काय लिहिलंय ते पोटाला वाचता येत नाही."

मग वारं फिरलं. कचेरीत नवे साहेब आले, सडपातळ, कॉफीत तूप घालून पिणारे. त्यांनी सांगितलं की तुपाला उगाच बदनाम केलं, खरा गुन्हेगार साखर आणि पिष्ट. फोनवरही सगळे तेच सांगायला लागले. ज्या तुपाला आम्ही घराबाहेर काढलं होतं ते चमच्याचमच्याने परत आलं, आणि त्याची माफी कुणी मागितली नाही. आता भात बंद, चपाती बंद, बटाटा बंद. ज्या नाचणीवर आमचा सगळा डोंगर उभा आहे तीही बंद. अंडी, पनीर आणि कोबी. खरं सांगायचं तर ह्यांचं वजन उतरलं, रक्तातली जराशी वाढलेली साखरही आटोक्यात आली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की ह्यांनी भात स्वतःपुरता बंद न करता घराचा बंद केला. मी हट्टाने माझ्यापुरता मूठभर शिजवायचे, आणि हे त्या पातेलीकडे वाईट संगतीतल्या मुलाकडे बघावं तसे बघायचे.

दिवाळी सरली की भाऊ नव्या तांदळाची एक गोणी घेऊन येतो. वडील गेल्यापासून ही रीत आहे. वडिलांच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. मी वाटा मागितला नाही, त्यानेही नाव काढून दे म्हटलं नाही. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. गोणी यायची, मी त्याला जेवू घालायचे, झालं.

भात बंद झाला त्या वर्षी तो आला तेव्हा मी शाळेत शिकवत होते. शनिवारची सकाळची शाळा सुटून घरी आले तर हे खुशीत होते. म्हणाले, "तुझा भाऊ आला होता. मी सांगितलं, आम्ही भात सोडला, गोणी परत घेऊन जा. उगाच किडे पडतात."

"ती गोणी तुमच्यासाठी आणली होती का?"

"घरात खाणारं कोण आहे?"

"मी आहे!"

खांद्यावरची पर्ससुद्धा न काढता मी स्टँडवर गेले आणि साखरशेतची गाडी पकडली. रस्ताभर डोकं तापलेलं होतं. हे असं कसं बोलले, आणि दादाने तरी मला न भेटता पाठ का फिरवली?

दादा ओटीवर बसला होता, गोणी शेजारीच. एरवी हात धरून चुलीपाशी नेणारी वहिनी पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली. दादाने माझ्याकडे न बघताच विचारलं, "वकील केलास का?"

"कसला वकील?"

"वाट्याचा. भात सोडला म्हणे! गोणी परत धाडलीस, मंग मी काय समजू? तुला आता जमीनच पायजे."

मला रडू आलं आणि संतापही आला. एवढ्याशा जमिनीवर ह्याची दोन पोरं, आणि सकाळपासून हा माणूस तीच भीती घेऊन बसला होता.

"दादा, ह्यांनी डाएट धरलंय. भात खरंच खात नाहीत."

"आजारी हायत?"

"नाही. वजन कमी करायचंय."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "मंग तू का नाय ठेवून घेतलीस गोणी?"

"मी शाळेत होते. मला विचारलं कुणी?"

इतकी वर्षं मला वाटत होतं, भाऊ मायेने देतो. त्याला वाटत होतं, बहीण या गोणीच्या बदल्यात वाट्याबद्दल गप्प आहे. मला ते लागलं. पण खोटं तरी कशाला बोलू, दोन्ही खरंच होतं. त्याला धीर यावा म्हणून मी सही करून नाव काढून देते असं म्हणू शकले असते. म्हणाले नाही. वडिलांच्या जमिनीवर माझं नाव असावं असं मला वाटतं. मी तसं सरळ सांगितलं, "दादा, मी जमीन वाटून मागणार नाही. पण नाव राहू दे, आणि गोणीही येऊ दे. ती माझी आहे."

त्याने मान डोलावली. आतून वहिनी म्हणाली, "बाय, चहा ठेवलाय गं."

परतीच्या जीपमध्ये दादा गोणी घेऊन माझ्याबरोबर आला. दारात हे उभे राहिले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. दादा त्यांच्या बाजूने आत आला, गोणी खांद्यावरच होती.

"बाय, कुठं ठेवू?" त्याने मला विचारलं.

मी जागा दाखवली. मग दोघांपुरता भात टाकला आणि आम्ही बहीणभाऊ जेवायला बसलो.