खुणेचा खेकडा

सिल्लोडच्या बसमध्ये शेजारच्या बाईंनी पिशवी वरच्या फळीवर टाकण्याआधी तिच्या बंदाला लाल दोरा बांधला, तोही एकाच हातानं. दुसरा हात काहीतरी घट्ट धरल्यासारखा हवेतच. मी बघतोय हे पाहून हसल्या.

"सवय हाय. खोल समुद्रातल्या खेकड्यांना खूण बांधून परत सोडायचं काम हाय आमचं. आत्ता सुट्टीला गावाकडं आलेय."

"कशाला?"

"किती उरलेत त्याचा अंदाज येतो. पिंजऱ्यात खुणेचा क्वचित आला, तर खाली लई हायेत. खुणेचेच सारखे यायला लागले, की म्हणायचं, आता थांबा. अन् बोटवाल्यांच्या शिव्या खायच्या."

"आणि जो परत सापडतच नाही?"

"तो मेला असं नाय धरायचं. समुद्र मोठा हाय."

हर्सूलला त्या उतरल्या. पुन्हा कधी दिसल्या नाहीत. मी मात्र बसमध्ये चढलो, की आधी फळीवर लाल दोरा शोधतो.