गोऱ्ह्याच्या गळ्यातली माळ

मागच्या महिन्यात नातसुनेने मोबाईलवर वाघाचे फोटो दाखवले. ती आणि नातू चंद्रपूरकडच्या जंगलात जाऊन आले होते. तिने विचारलं, "आजी, तुम्ही कधी जंगलातला वाघ बघितला का हो?" मी नाही म्हणाले. खोटं बोलले. मी वाघीण बघितली आहे, आणि तिचा फोटो निघाला तेव्हा फोटोवाल्याच्या शेजारी झाडावर बसले होते. चौथी शिकलेली बाई आहे मी, फार सजवून लिहिता येत नाही. झालं तसं लिहिते.

आमचं गाव जिंतूरच्या पलीकडे डोंगरात. माझा नवरा गावचा गुराखी. सकाळी घरोघरची गुरं गोळा करायची, डोंगरात चारायची आणि दिवस मावळायच्या आत ज्याची त्याच्या दावणीला पोचवायची. त्याबद्दल सुगीत प्रत्येक घरातून ज्वारी मिळायची. तेच आमचं वर्षाचं खाणं. रिवाज असा होता की वाघाने जनावर नेलं तर गुराख्याला बोल लावायचा नाही, पण गुराख्याने काहीतरी खूण आणून दाखवायची. शिंग, कान, दावं, घंटी, सापडेल ते. खूण नाही आणली तर गुराखी चोर.

निजामाचं राज्य जाऊन तीन-चार वर्षं झाली असतील. त्या उन्हाळ्यात नवऱ्याला हिवताप धरला आणि दोन महिने गुरं मीच वळली. मला तेव्हा विसावंही लागलं नसेल. गावात कुजबुज सुरू झाली की बाईमाणसाच्या भरवशावर गुरं किती दिवस सोडायची, दुसरा गुराखी बघा.

तेवढ्यात तो फोटोवाला साहेब आला. आधी नवाबाचे लोक बंदुका घेऊन यायचे, हा कॅमेरा घेऊन आला. सेलूला रेल्वेतून उतरून, जिंतूरपर्यंत मोटारीने, पुढे बैलगाडीने. पेट्या एवढ्या की गाडीत त्याला पाय ठेवायला जागा नव्हती. पाटलाने मला बोलावून घेतलं.

"वाघीण पाण्याला कुठं येते, तुला ठाव हाय म्हणं."

"हाय की. नाल्याच्या डोहावर. भर उन्हात येती."

"साहेबाला तिची तसबीर काढायचीय. मारायची न्हाई, निस्ती तसबीर. पर एक वासरू बांधावं लागंल."

"कुणाचं?"

"तुज्या दावणीला हाय की एक. न्हाई तर बघ कसं जमतं ते. साहेब खुश झाला की गुरं तुमच्याकडंच ऱ्हातील, मी बघतो लोकायचं."

आमच्या दावणीला एकच कालवड होती. ती मी बांधली नाही. शेजारच्या आत्याचा गोऱ्हा बांधला.

आत्या म्हणजे माझी कुणी लागत नव्हती, सगळं गावच तिला आत्या म्हणायचं. विधवा बाई, मूलबाळ नाही, एक गाय आणि तो गोऱ्हा. त्याच्या कपाळावर पांढरा टिक्का होता. त्याला जोडी करून औताला लावायचा, मग कुणाच्या बैलासाठी हात पसरायला नको, एवढीच तिची आशा. त्याच्या गळ्यात तिने काळ्या लोकरीच्या दोरीत ओवलेल्या कवड्यांची माळ बांधली होती. तिचाच निवडला, कारण तिच्यासाठी भांडायला घरात कुणी नव्हतं आणि तिचा माझ्यावर भरवसा होता. दुसरं कारण नाही.

बाकीची गुरं पलीकडच्या माळावर चरत सोडली, डोहावर गोऱ्हा खुंट्याला बांधला आणि खूण म्हणून माळ काढायला घेतली. आत्याची गाठ घट्ट. कमरेला विळा होता, पण माळ चांगली होती, कापावीशी वाटली नाही. नखांनी सुटेना म्हणून दातांनी सोडवली. तोवर गोऱ्हा माझा हात चाटत होता. दोरी वाया जाऊ नये म्हणून जपणारी मी, वासरू खुंट्याला ठेवून झाडावर चढले.

साहेबाने मचाणावरून हळूच विचारलं, "किसका है?"

"माझाच," मी म्हणाले.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा माकडं ओरडली आणि एकदम गप्प झाली. वाघीण करवंदीच्या जाळीतून निघाली. गोऱ्ह्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. पाण्याशी आली, वळली आणि आधी ढुंगण पाण्यात टाकलं. तशीच मागे सरकत सरकत मानेपर्यंत बसली. डोळे मिटले. कानावरची माशी उडवायला तेवढा कान हलायचा. कॅमेऱ्याचा खट आवाज झाला तसा तिने आमच्याकडे डोळा उघडला आणि परत मिटला. आम्ही कोण लागून गेलो!

गोऱ्हा माझ्याकडे बघत होता. रोज मीच त्याला हाक मारून घरी न्यायची, त्यामुळे तो ओरडला नाही. वाट बघत उभा राहिला. मी मात्र वाघिणीकडे बघत होते. खरी लाज या गोष्टीची आहे. मला ते बघायला आवडलं. ती पाण्यातून उठली, अंगावरचं पाणी निथळलं, दोन ढांगांत गोऱ्ह्यापाशी पोचली, तोपर्यंत मी त्याला विसरूनच गेले होते.

दिवस मावळायच्या आत मी गुरं घेऊन गावात आले आणि माळ आत्याच्या हातात दिली. "आत्या, वाघानं नेला. एवढीच सापडली." तिने माळ दोन्ही हातांनी चाचपली, पुन्हा चाचपली आणि खुंटीला अडकवली. मग म्हणाली, "तू दिवसभर उन्हात व्हतीस. पाणी पी." मी पाणी प्याले.

गुरं आमच्याकडेच राहिली. नवरा बरा झाला.

दिवाळीच्या सुमारास साहेबाने पाटलाला फोटो पाठवला, चौकट करून. फोटोत फक्त वाघीण येणार असं मला वाटलं होतं. कॅमेरा तिच्यावर रोखला होता, मग दुसरं काय येणार? चावडीत जाऊन बघते तर वाघीण पाण्यात, आणि या बाजूला खुंटा, दावं आणि कपाळावर टिक्का असलेला गोऱ्हा. माझ्याकडे तोंड करून.

सगळं गाव लोटलं होतं. "लय मोठी हाय रे!" "तुज्या सासूवानी दिसायलीय!" असं हसणं चाललेलं. मग कुणीतरी म्हणालं, "आत्या, हे वासरू तुजं तर न्हाई?"

आत्याने काचेला नाक लावून बघितलं.

"माझं न्हाई," ती म्हणाली. "माझ्याच्या गळ्यात माळ व्हती."

बाहेर आल्यावर मी तिच्यामागून चालले. घराशी आली तशी ती वळली.

"वाघाला गाठ सोडता येती व्हय गं? दोरी तुटलेली न्हाई, कापलेली न्हाई. मला त्याच दिशी कळलं व्हतं."

"मग बोलल्या का न्हाईत?"

"बोलले असते तर गुरं गेली असती तुमची. मग काय खाल्लं असतं तुमी? मला वाटलं, ही ईल सांगायला. आज ईल, उद्या ईल." ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी नवरा गुरं गोळा करायला गेला तर तिने गाय सोडली नाही. स्वतः दावं धरून बांधाने चारायला घेऊन गेली. साठीची बाई, रोज आमच्या दारावरून जायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "बसून बसून करमत न्हाई." नवऱ्याला वाटायचं म्हातारी चळली. त्यालाही मी सांगितलं नाही. तिचं दार आमच्यापासून दहा पावलांवर होतं. ती जगली तेवढी वर्षं मी ती दहा पावलं गेले नाही.

ती वारली तेव्हा बायांबरोबर गेले. माळ खुंटीला होती. कवड्या पिवळ्या पडल्या होत्या आणि दोरीची दोन्ही टोकं सुटी लोंबत होती, मी दिली होती तशीच. एका बाईने विचारलं, "ही कशाची माळ गं?"

मी म्हणाले, मला ठाऊक नाही.