खूण केलेले शब्द

परवा पिंपळगावच्या पॅकहाऊसमधलं कपाट आवरताना जुन्या डिक्शनरीचा कुबट वास नाकात गेला आणि डोकं पुन्हा फिरलं, एका जागी बसवेना. मधला दलाल टाळून विलायतेच्या व्यापाऱ्याशी द्राक्षांचा थेट सौदा करायचा, म्हणून ती मी रद्दीतून उचलली होती. काही शब्दांपुढे क्रुसासारखी छोटी खूण होती. शाळेत गाईडमध्ये हमखास येणाऱ्या प्रश्नांपुढे खूण असायची, म्हणून मी पावसाळाभर खुणेचेच शब्द पाठ केले. हंगामात व्यापारी आला, सोबत तो मधला दलालही. आत द्राक्षं टिकवायच्या गंधकाचा उग्र वास, बाहेर टेम्पो घुरघुरत होते. माल कधी निघेल, असं त्यानं विचारलं. ‘लवकरच’साठी माझ्याकडे खुणेचा शब्द तयार होता. मी ऐटीत म्हणालो, “एफ्टसून्स.” त्यानं भुवया उंचावून दलालाकडे पाहिलं. दलाल गालात हसला. मी चिडून डिक्शनरी त्याच्यापुढे आपटली. “वाच. छापलंय.” त्यानं खुणेवर बोट ठेवलं. “शेठ, ही खूण मेलेल्या शब्दांची असते. हे आता कुणी बोलत नाही. तुम्ही अख्खं स्मशान पाठ केलंत की.” पॅकिंगच्या बायकाही हसल्या. पुढचा सौदा त्यानंच केला, माझ्याच टेबलावर बसून. आज विलायतेशी मी स्वतः बोलतो, त्या दलालाला दारात उभं करत नाही. तरी फोन लावला की, द्राक्षाच्या घडाचा बघावा तसा प्रत्येक शब्दाचा देठ आधी बघतो, हिरवा आहे की वाळलाय.