यादीत न लिहिलेलं पहिलं कारण

मी सगळं लिहून ठेवते. दवाखान्याच्या तारखा, सिलिंडर कधी लावला, शेजारी कोणतं भांडं गेलं. ही एक गोष्ट तेवढी कुठल्याच वहीत नाही, आणि आजवर कुणाला सांगितलीही नाही — नवऱ्यालासुद्धा नाही.

आम्ही झाडीबोलीत, म्हणजे आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बोलीत, एक सिनेमा केला होता. दिग्दर्शक नामदेवभाऊ. व्यवस्था माझ्याकडे — कोण कधी येणार, जेवण कुठून, जंगलात कॅमेरा न्यायला परवानगी कुणाची. नायिका ललिता, धानोऱ्याकडच्या जंगलातल्या एका गावची. कधी रंगमंचावरही न चढलेली. पण पडद्यावर ती तेंदूची पानं एकावर एक लावत नुसती बसली, तरी बघत राहावंसं वाटायचं.

सिनेमा पडला. चार दिवसांत उतरला. का पडला? — त्याची मी तेव्हाच यादी केली होती, सुवाच्य अक्षरात. तिच्याकडे येतेच. पण आधीचं सांगायला हवं.

प्रदर्शनाआधीच्या बैठकीत मी कामांची यादी वाचत होते. चार पानं. नामदेवभाऊ मध्येच म्हणाले, “अवं बाई, सिनेमा हाय तो, किराणा नाई!” सगळे हसले. मीही हसले — आणि वही मिटली.

मग त्यांनी तारीख सांगितली. मे महिन्यातला मधला शुक्रवार. शाळांना सुट्टी, म्हणजे गर्दी. ते नागपुरात वाढलेले, बाकीचेही शहरातले. तरी मला विचारलं त्यांनी, “काई अडचण, बाई?”

अडचण मला ठाऊक होती. मी त्याच पट्ट्यातली. मेच्या त्या पंधरवड्यात आमची गावं तेंदूपत्त्याला, म्हणजे विडीची पानं तोडायला, जातात. उजाडायच्या आत जंगल, दुपारभर पुडके बांधणं, संध्याकाळी ते मोजून द्यायला रांग. म्हातारी, पोरं, नवी सून — घरात कुणी राहत नाही. सिनेमाला कोण येणार? आणि तो तर त्यांच्याचसाठी केलेला.

“काई नाई, भाऊ,” मी म्हटलं.

विसरले होते का? विसरणं माझ्या स्वभावात नाही. मला वाटलं — कळू दे एकदा, यादी कशाला लागते ते.

दुसऱ्या दिवशी ललिता माझ्याकडे आली. तारीख तिला नुकतीच कळली होती. “बाई, तवा तं पत्ता सुरू राह्यते. माही मायबी नाई येऊ शकत. भाऊले सांगा ना.” पोस्टर अजून छापायचे होते. “सांगते,” मी म्हटलं. एका फोनचं काम. तो फोन मी केला नाही.

चंद्रपूरच्या पहिल्या खेळाला मी मागे उभी होते. पडद्यावर ललिता पानं लावत होती. समोर खुर्च्या रिकाम्या. त्याच वेळी तिची आई खरीखुरी पानं लावत बसली असेल — हे मला तिथे उभ्या उभ्या सुचलं. मी बाहेर जाऊन चहा प्यायले.

मग पुन्हा बैठक. नामदेवभाऊंचा आवाज पार बसलेला. म्हणाले, “बाई, कारणं लिहा.” लिहिली. एक — गाणी कमी. दोन — पोस्टर उशिरा. कुणीतरी म्हणालं, “पोरीचा चेहरा नाई चालला.” माझा पेन थांबला का? — नाही. तीन — नायिकेचा चेहरा पडद्याचा नाही.

ते फिरत फिरत ललितापर्यंत गेलं. धानोऱ्याच्या बाजारात ती मला भेटली, मोहफुलांची टोपली घेऊन बसलेली. पुढे कुणी तिला कामाला बोलावलंच नव्हतं. तिने एवढंच विचारलं, “तुम्ही सांगतलं होतं ना, बाई, भाऊले?”

“हो,” मी म्हटलं.

तिने मान हलवली. “मंग माह्या चेहऱ्यानंच पडला असन.”

आणि मी पिशवी उचलून पुढे गेले. त्या दिवशीच्या खरेदीच्या यादीतल्या दोन वस्तू राहिल्या होत्या. त्या घेतल्या.